पाठराखीण

परळच्या एका हॉस्पिटलात लाइनीत उभी होते आणि माझ्या पुढे दोन बायका होत्या. एक पन्नाशीची, डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला, हातात तिथे सगळ्यांच्या हातात असते तशी जाड फाइल, कोपरे दुमडून मऊ झालेली. दुसरी तिच्याहून बरीच लहान, खांद्याला कापडी पिशवी, त्यातून स्टीलच्या डब्याचं झाकण आणि पाण्याची बाटली वर आलेली. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? धाकटी म्हणाली, मी. नातं? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मोठी म्हणाली, "नातं असं नाय हो, पाठराखीण हाय माझी." त्या मुलाला काही कळलं नाही, त्यानं परत विचारलं, म्हणजे कोण लागतात? तेव्हा धाकटी म्हणाली, "लिवा कायपण." त्यानं 'बहीण' टाइप केलं, कागद प्रिंटरमधून निघाला, त्या दोघी बाजूला झाल्या आणि माझा नंबर आला.

त्या मुलाचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, त्याच्या मागे लाइन दारापर्यंत गेलेली आणि स्क्रीनवर नवरा, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर एवढंच असणार. पण तो शब्द मला सोडेना. पाठराखीण मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता आणि ऐकला होता तो फक्त लग्नाच्या बोलण्यात, म्हणजे नवरी सासरी जाताना तिच्याबरोबर माहेरची जी बाई पाठवतात ती, चार-पाच दिवस राहते आणि परत येते. शहरातल्या लग्नांतून तर ती गेलीच जवळजवळ. आणि इथे केमोला आलेली एक बाई, बोलण्यावरून घाटावरची वाटली, तो शब्द इतका सहज वापरून गेली की मी माझा फॉर्म भरताना दोनदा तारीख खोडली. दादरहून डोंबिवलीपर्यंत उभ्यानं आले त्या संध्याकाळी आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझ्या आईबरोबर आली होती पाठराखीण. आईचं लग्न सत्तरच्या दशकातलं, माहेर लांजा तालुक्यात, सासर लालबागला चाळीत. लग्न गावी लागलं आणि वऱ्हाड रात्रीच्या एसटीनं निघालं, परळ डेपोला उतरले तेव्हा उजाडायचं होतं. आई जेमतेम एकोणिसाची, रत्नागिरीच्या पलीकडे कधी गेलेली नाही. बरोबर तिची आत्या, म्हणजे आमची आत्याआजी. खोली दहा बाय बाराची, घरात माणसं सात, त्यात ह्या दोघींची भर. आजोबा गिरणीत, त्या आठवड्यात रात्रपाळी, त्यामुळे दिवसभर एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेलं आणि त्याची झोप मोडू नये म्हणून सगळ्यांचं बोलणं कुजबुजत. पाणी पहाटे यायचं, मोरीला साडीचा पडदा. नव्या नवरीला ह्यातलं काहीही कोणी समजावून सांगत नाही, तिनं बघून बघून शिकायचं असतं, आणि बघायचं तर मान वर करावी लागते, ती तर करायची नसते.

आई सांगते की तिला सगळ्यात भीती वाटली ती गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासांची. अख्ख्या मजल्याला चार, त्यातल्या बायकांच्या वापरातल्या एकाची आतली कडी तुटलेली. गावी परसाकडला जायची सवय, तिथे अंधार असला तरी आपलं माणूस आसपास, आणि इथे समोर टमरेल घेऊन उभे असलेले अनोळखी बापये. पहिल्या पहाटे आत्याआजीनं तिला उठवलं, बादली स्वतः उचलली, आईला आत पाठवलं आणि बाहेरून दार ओढून धरून उभी राहिली. फळीच्या फटीतून तिची चार बोटं आत आलेली दिसायची, मनगटावरचं हिरवं गोंदण थोडंसं दिसायचं. कोणी जवळ आलं की खणखणीत आवाजात सांगायची, "बाईमाणूस हाय आत, थांबा जरा." आईला लग्नातलं आता फारसं आठवत नाही, जेवणात काय होतं, कोण कोण आलं होतं, काही नाही. ती चार बोटं आठवतात.

आणि जेवणाचं. नव्या सुनेनं दुसऱ्यांदा भात मागायचा नसतो, निदान तेव्हा नसायचा. आत्याआजी स्वतः दोन घास खाणारी बाई, पण ती मोठ्यानं म्हणायची, "विहीणबाई, मला वाढा हो थोडा, मुंबईच्या पाण्यानं भूक लागते," आणि वाढलेला भात पंगत हलली की अलगद आईच्या ताटात सरकवायची. माझी आजी, म्हणजे आईची सासू, हे सगळं बघत होती म्हणे. तिसऱ्या दिवशी तिनं न मागता आईला वाढलं. त्यानंतर आत्याआजीनं भात मागितला नाही.

पाचपरतावणाला आई माहेरी जायची होती ती काही कारणानं लांबली आणि आत्याआजी एकटीच परत निघाली. आई पाठवणीला रडली नव्हती, ती परळ डेपोत रडली.

पण हा शब्द मला नुसता गोड वाटत नाही, त्याचं कारण पण आत्याआजीच आहे. मोठी झाल्यावर मी आईला विचारलं होतं, तुझी काकू होती, मामी होती, लग्न झालेली सख्खी बहीण होती, मग आत्याच का आली? आई सहज म्हणाली, बाकीच्यांना पोरंबाळं, गुरं, पेरण्या तोंडावर आलेल्या, आत्याचं घरी काही अडत नव्हतं. अडत नव्हतं कारण ती लहानपणीच विधवा झालेली, माहेरी परत आलेली, भावाच्या घरात राबून राहणारी. हळदीच्या दिवशी तिला मांडवात पुढे येऊ दिलं नव्हतं. ज्या हातानं हळद लावलेली चालत नव्हती तोच हात त्या पहाटे दार धरायला चालला, आणि दोन्ही ठरवणारं घर एकच. मला ह्याचा आजही राग येतो. आजीनं तिला निघताना चांगलं काठाचं लुगडं दिलं, पाठराखणीचा मान म्हणून, ते तिनं कधी नेसलं नाही, ट्रंकेत तळाशी ठेवलं. आणि तरीही ती म्हातारी मरेपर्यंत मुंबईचे ते दिवस सांगायची, राणीची बाग, ट्राम बंद झाल्यावर रस्त्यात राहिलेले रूळ, चाळीतल्या बायकांनी तिला हळूच शिकवलेला स्टोव्ह. तिच्या आयुष्यात तिला महत्त्वाचं काम म्हणून कोणी कुठे पाठवलं असेल तर ते एवढंच. राग आणि हे, दोन्ही एका वेळी खरं आहे, मला त्यातलं एक टाकून देता येत नाही.

आता आपण 'सपोर्टिव्ह' म्हणतो. ऑफिसात नवीन लग्न झालेल्या मुली सांगतात, सासरचे खूप सपोर्टिव्ह आहेत, आणि मी ऐकत राहते तर पुढे येतं की नोकरी करू देतात, जीन्स चालते, माहेरी जायला नाही म्हणत नाहीत. त्या मुली मनापासून खूश असतात, मला त्यांचा आनंद हिरावायचा नाही, पण ही परवानगी झाली. ज्याच्या हातात अडवणं आहे तो अडवत नाही एवढंच. आत्याआजीच्या हातात त्या घरात काहीही नव्हतं. तिला कोणाला परवानगी देता येत नव्हती, कोणाला दटावता येत नव्हतं, ती पाहुणी, त्यातून विधवा, त्यातून मुलीकडची. होतं ते एवढंच की ती पूर्णपणे एका माणसाच्या बाजूची होती आणि तिथे होती. 'पाठिंबा' शब्दाचं तर राजकारणानं फारच वेगळं केलं. 288 च्या विधानसभेत 145 चा आकडा गाठायला पाठिंब्याची पत्रं लागतात, 2014 च्या निकालानंतर तर 'बाहेरून पाठिंबा' हे घरोघरी टीव्हीवर ऐकलं आपण. तो जाहीर होतो, मोजला जातो, काढून घेता येतो. तिथल्या कामाला तो शब्द बरोबरच आहे. पण पाठ राखणं हे त्यातून निघून गेलं ते गेलंच.

चाळीत मात्र मी ते बघत मोठी झाले. आमच्या मजल्यावर एक खानावळवाली होती, आम्ही तिला मावशी म्हणायचो, गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे, पगाराला पैसे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, आमचे आजोबा पण. मी लहान होते, मला आठवतो तो अचानक न वाजणारा भोंगा आणि दिवसाउजेडी गॅलरीत बसलेले पुरुष. मावशीनं जेवण बंद केलं नाही. भाजी पातळ झाली, चपात्या मोजून झाल्या, पण बंद नाही केलं, वहीत मांडत राहिली. पुढे काही जण गावी गेले ते गेलेच, तिच्या वहीतली पानं तशीच राहिली. तिच्याबद्दल कोणी लिहिलं-बोललं नाही आणि तिच्या पाठीशी कोण होतं हा प्रश्न तर मला फार उशिरा पडला. प्रेमाताई पुरवांना तो आधीच पडला होता. कामगार चळवळीत काम करताना त्यांनी बघितलं की ह्या बायका कामगारांना उधारीवर जेवू घालतात आणि स्वतः किराणावाल्याच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडतात. 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरण होतं, पण खानावळवालीला कोण जामीन राहणार? 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि ह्या बाया एकमेकींच्याच हमीवर बँकेच्या दारात गेल्या. अंगठा उठवणारी बाई दुसऱ्या अंगठा उठवणारीला जामीन. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

हॉस्पिटलातला तो शब्द मग मला हॉस्पिटलातच तपासायचा होता. म्हणून फार्मसीच्या लाइनीत त्या दोघी परत दिसल्यावर मी सरळ बोलायला गेले. मोठी कोल्हापूरकडची, नवऱ्याच्या नोकरीनं आयुष्य कल्याणला गेलेलं. नवरा आहे, मुलगा आहे, दोघं चांगले आहेत, तिनं आपणहून सांगितलं, पण त्यांची रजा संपली, आणि खरं म्हणजे मुलगा बरोबर असला की ती त्याच्याच चेहऱ्याकडे बघत बसते. धाकटी गल्लीत राहते, शिवणकाम करते. तिची आई ह्याच हॉस्पिटलात होती, वारली. "मला इथल्या सगळ्या खिडक्या माहिती," ती म्हणाली, "रक्ताचा रिपोर्ट आधी काढायचा, मग तो घेऊन वर, वर गेल्यावर फाइल जमा करून खुर्ची पकडायची पंख्याखालची, मळमळायला लागलं तर तिथून बेसिन जवळ." मी विचारलं, परत इथे यायला जड नाही जात? ती म्हणाली, "जातंय की." आणि डब्यात काय आहे ते दाखवलं, मऊ भात आणि लिंबाचं लोणचं, त्यावर बाईंचा फार जीव, तोंडाला चव येते म्हणून. हे सांगताना ती हसत होती आणि मोठी तिच्या पाठीवर हलकेच थापटत होती, म्हणजे पाठ कोण कोणाची राखत होतं हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

ज्यांनी वॉर्डात रात्र काढली आहे त्यांना सोबत म्हणजे काय हे सांगायला नको. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी फिमेल वॉर्डात होते, रात्री बायकाच थांबू शकतात, दोन खाटांच्या मधल्या फटीत चादर टाकून आडवं व्हायचं. समोरच्या खाटेवरची बाई सोलापूरची, तिच्याबरोबर तिची नणंद. सलाइन संपत आलं की आधी त्या नणंदेला कळायचं, माझ्या आईचं सुद्धा. "ताई, तुमी पडा, मी जागी हाय." सकाळी चहा आणायला खाली जाताना एकमेकींवर पेशंट सोपवून जायचं, पर्स उशीखाली ठेवून. नावं आठवत नाहीत आता. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाला येणारे कितीतरी पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात, विदर्भातले, बिहारचे, बंगालचे. गाडगेबाबांनी देवळं बांधायची सोडून धर्मशाळा बांधल्या हे शाळेत पाठ केलं होतं, त्याचा अर्थ मला तिथल्या जिन्यात बसून भाजी निवडणाऱ्या बायका बघून कळला. पेशंटला खाट मिळते, बरोबरच्या माणसाला पाठ टेकायला जमीन लागते. हे त्या माणसाला सुचलं.

आणि आता जे सांगायचंय त्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान, लग्न धुमधडाक्यात झालं तिचं. तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून धाकटी मावशी गेली होती, तीन दिवस राहिली, साडी घेऊन आली, सगळे म्हणाले छान घर आहे. काही वर्षांनी ती सासर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला लागली. काय घडलं ते तिचं आहे, मी इथे लिहिणार नाही. पण तेव्हा तिच्याबरोबर कोणी गेलं नाही. आपल्याकडे मुलीला सणाला माहेरी आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, पंचमीला, दिवाळीला भाऊ मुऱ्हाळी जायचा, ते केवढं कौतुकाचं असायचं. म्हणजे पोचवायला माणूस आहे, सणाला आणायला माणूस आहे, आणि मोडलेल्या संसारातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या शेजारी उभं राहायला रीतीत माणूसच नाही. भाऊ म्हणाला, मी आलो तर भांडण वाढेल. मावशी म्हणाली, मला हे बघवणार नाही. कोणी वाईट नव्हतं.

ती आधी एकटीच पोलीस ठाण्यात गेली. नशिबानं तिथे महिलांसाठीचा विशेष कक्ष होता, ज्याला सगळे स्पेशल सेल म्हणतात. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं हे मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलं, पोलिसांच्याच इमारतीत पण बसणाऱ्या बाई सोशल वर्कर, नंतर सरकारनं ते महाराष्ट्रभर नेलं. बहीण सांगते, तिथल्या ताईंनी पहिल्यांदा पाणी दिलं आणि विचारलं, तुला काय व्हायला हवंय? तोपर्यंत तिला सगळ्यांनी काय झालं एवढंच विचारलं होतं, आणि कोणाची चूक. तुला काय हवंय ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, ती नुसती रडली, आणि ताई म्हणाल्या, ठीक आहे, पुढच्या वेळी सांग, आणि पुढच्या वेळी कोणालातरी बरोबर घेऊन ये. तिनं मला फोन केला.

बांद्र्याच्या फॅमिली कोर्टाच्या तारखांना मग मी जायला लागले. कुर्ल्याहून शेअर रिक्षा, बीकेसीच्या त्या काचेच्या बिल्डिंगी मागे टाकत, सूटबूटवाल्यांच्या गर्दीतून एका वेगळ्याच गर्दीत. कुटुंब न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून दिलेला नाही, कोर्टाच्या परवानगीनं वकील येतो, कारण इथे घरातलं बोलणं घरच्यासारखं व्हावं, समझोत्याला जागा राहावी असा हेतू. प्रत्यक्षात काळे कोट भरपूर दिसतात. पण समुपदेशकाच्या खोलीत माणूस एकटंच जातं, आणि मी बाहेर बाकावर. समोरच्या बाजूनं चार जण यायचे, सासू, सासरे, दीर आणि एक काका, ते बोलायचे काहीच नाहीत पण चार जण असायचे. मी काय करायचे? बाटली भरून ठेवायचे. आधारची आणि लग्नाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स माझ्याकडे ठेवायचे, कारण तिचे हात थरथरायचे आणि कागद सांडायचे. पुकारा झाला की तिच्या आधी मला ऐकू यायचा, तिच्या कानात त्या दिवशी काही शिरायचंच नाही. ती आत गेली की तिची ओढणी, पर्स, मोबाइल मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसायचे, म्हणजे ती बाहेर आली की पहिलं मी दिसेन. ह्यात शहाणपणाचं काही नाही, कोणीही करेल असं. पण एकदा मला तापामुळे जायला जमलं नाही तेव्हा ती पुढची तारीख घेऊन परत आली, आत गेलीच नाही.

मला कायद्यातलं फार कळतं असं नाही, पण माझी एक मैत्रीण आहे, ती लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांबरोबर कोर्टात जाते. 2012 चा पोक्सो कायदा आणि त्याचे 2020 चे नियम, त्यात 'सपोर्ट पर्सन' नेमायची तरतूद आहे, बालकल्याण समिती नेमते, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं. ती कुठलीच केस सांगत नाही, नाव नाही, गाव नाही, विचारलं तर विषय बदलते. पण काम कसं असतं ते सांगते. मुलाला कोर्टाची खोली आधी दाखवून आणायची, रिकामी असताना, कोण कुठे बसणार, साहेब म्हणजे कोण, प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हणायचं. तिनं मुलाच्या वतीनं उत्तर द्यायचं नसतं, हे तिला सुरुवातीला सगळ्यात अवघड गेलं. 'काही होणार नाही' असं ती कधी म्हणत नाही, कारण काय होणार ते तिलाही माहीत नसतं. 'मी त्या खुर्चीवर असणार' असं म्हणते आणि त्या खुर्चीवर असते. त्या कायद्याच्या 37 व्या कलमात म्हटलंय की सुनावणी बंद खोलीत व्हावी आणि तिथे आईवडील असावेत किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे, भरवसा आहे असं दुसरं कोणी. ज्याच्यावर भरवसा आहे. कायद्याच्या पुस्तकात इतकं साधं, इतकं आपल्या घरातलं वाक्य असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि नियमांत आणखी एक आहे, मुलाला आणि पालकांना ती सपोर्ट पर्सन नको झाली तर तसं सांगता येतं, आणि मुलाला त्याचं कारण द्यावं लागत नाही. मैत्रीण म्हणते, हे मला सगळ्यात आवडतं. ज्याची पाठ आहे त्यानं ठरवायचं, राखणाऱ्यानं नाही.

हे ऐकलं तेव्हा मला आत्याआजीची निवड आठवली, ती आईनं केलेली नव्हती, ती घरातल्या मोठ्यांनी केली होती, कोणाचं काय अडतंय ते बघून. ते जुळून आलं हे आईचं नशीब. बहिणीबरोबर गेलेल्या मावशीचं तसं जुळलं नाही, ती तीन दिवस पाहुणचार घेऊन आली आणि त्या घरात तिला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि बोलली नाही, मी विचारलेलं नाही. बहिणीला विचारलं असतं तर तिनं कोणाला नेलं असतं? ती म्हणते, शाळेतली मैत्रीण. पण तेव्हा लग्नातल्या मानपानाच्या यादीत मैत्रीण कुठे बसते.

भाचीचं लग्न आहे मार्गशीर्षात. मुलगा ठाण्याचा, घर घोडबंदरला, लिफ्टवाली बिल्डिंग, दोघं एकाच कंपनीत. यादी करायला बसलो तेव्हा वहिनी म्हणाली पाठराखीण काढून टाकू, आजकाल कोण पाठवतं, तिसऱ्या दिवशी तर ती फिरायला निघणार. मी म्हटलं काढू नका, आणि कोण जाणार ते आपण नको, तिला विचारू. थोडी वादावादी झाली. जाऊबाईंना वाटत होतं की आपलं नाव असेल. भाचीनं एका मिनिटात नाव सांगितलं, पुण्याच्या हॉस्टेलमधली तिची रूममेट, केरळची मुलगी, जी भाचीच्या डेंग्यूत तिच्या उशाशी बसून होती. मग ती आपल्यातली नाही, तिला आपल्या रीती माहीत नाहीत, तिला साडी द्यायची का ड्रेस, असं बरंच झालं. आईनं, आता सत्तरी पार केलेल्या माझ्या आईनं विचारलं, तिला रात्री जाग येते का गं पटकन? भाची म्हणाली, येते. आई म्हणाली, मग तीच. विषय तिथे संपला.

साडी मी घेतली, दादरला, मोरपंखी, काठ मोठे, नेसायला हलकी. रूममेटला फोन करून सगळं समजावून सांगितलं, पाठराखीण म्हणजे कोण, काय करायचं, काय नाही करायचं, आत्याआजीचा भात पण सांगितला. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, आंटी, मला रजा दोनच दिवस आहे, चालेल का? मी म्हटलं चालेल, तिला फोन मात्र करत राहा, आणि तिचा आवाज वेगळा वाटला की मला कर.